उरलेलं पाणी

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, होळीच्या आसपास, आमच्या दवाखान्याच्या विहिरीनं तळ दाखवला. शेवगावपासून एसटीनं तासाभरावरचा हा दवाखाना. वीस खाटा, एक डॉक्टरीणबाई आणि आम्ही तिघी नर्सा. मी नगरला शिकून दोन वर्षांपूर्वी तिथं लागले होते. वय तेवीस. विहीर आटल्यावर फाटकाबाहेर बोअर घेतली. तिला पाणी लागलं, पण मचूळ. त्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, आणि घोट घेतला की जिभेवर मिठाचा खडा ठेवल्यासारखं वाटायचं. टँकरची वाट बघून कंटाळलेली माणसं तेच पीत होती.

माझ्याकडं पाण्याचं काम होतं. सलाईनच्या बाटल्या तेव्हा आम्ही दवाखान्यातच भरायचो, कारण नगरहून तयार बाटल्या कधी यायच्या, कधी नाही. मागच्या पडवीत चुलवणावर तांब्याचं एक मोठं भांडं होतं. त्यात पाणी उकळायचं, वाफ नळीतून पुढं जायची, ती नळी गार पाण्याच्या टाकीतून वेटोळी घालून खाली यायची आणि तिच्या तोंडाशी थेंब थेंब शुद्ध पाणी पडायचं. त्यात मोजून मीठ घालायचं, बाटल्या भरायच्या आणि ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर निर्जंतुक करायच्या.

विहिरीला गोडं पाणी होतं तोवर या कामात भिण्यासारखं काही नव्हतं. मचूळ पाण्यानं सगळं बदललं. भांड्याला आतून बोटभर खार धरू लागला. लाकडं दुप्पट जळू लागली. त्यात ते पाणी फेसाळून उकळलं की फेस वाफेबरोबर नळीत शिरायचा आणि शुद्ध पाण्यात खार उतरायचा. म्हणून रोज सकाळी पहिल्या पाण्यात मी सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब सोडायची. पाणी नितळ राहिलं तर चांगलं, दुधासारखं पांढरं झालं तर फेकायचं.  मी चुकून खारट पाणी कुणाच्या शिरेत सोडलं तर काय होईल, हे मला शिकवलेलं होतं.

टाकीतलं पाणी वाफेनं तापायचं, ते उपसून गार भरायला लागायचं. एक घागर शुद्ध पाण्यासाठी दहा-बारा घागरी बोअरच्या हापशावरून आणाव्या लागत, आणि हापशाला तर गावची रांग. बाया माझ्याकडं बघायच्या.

अशात पाझर तलावाच्या कामावर जुलाब-उलट्यांची साथ आली. खडी फोडणारी, माती वाहणारी माणसं बैलगाडीतून यायला लागली. डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहणारी. डॉक्टरीणबाईंना दिवसाला दहा-बारा बाटल्या हव्या होत्या. माझ्या भांड्यातून जेमतेम पाच निघायच्या. कुणाला लावायची आणि कुणाला पेजेवर ठेवायचं, हे बाई खाटांमधून फिरत ठरवायच्या. त्या फिरायला लागल्या की मी पडवीत पळायची. मला ते बघवत नव्हतं.

त्याच सुमाराला बाबा आले. आमचं घर नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरचं. बाबा तिकडच्या एका साखर कारखान्यात बावीस वर्षं रस आटवायच्या विभागात होते. त्या साली ऊसच नव्हता, कारखाना लवकर थंडावला, म्हणून लेकीकडं चार दिवस. कारखान्याच्या आवाजानं त्यांना कमी ऐकू यायचं. उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा चट्टा होता. मी सातवीत असताना रस तापवायच्या एका हीटरचं झाकण उडून उकळता रस त्यांच्या हातावर पडला होता. त्या दिवशी चौघांनी त्यांना घरी उचलून आणलेलं मी पाहिलं होतं. तेव्हापासून साधी किटली शिट्टीसारखी वाजली तरी मी दोन पावलं मागं सरते.

बाबांनी माझं भांडं सकाळभर पाहिलं आणि म्हणाले, "ही वाफ तू पान्यात बुडवून मारतीस."

"मग काय करायचं तिचं?"

"तिच्या अंगात अजून एक भांडं उकळायची ताकद हाय. आमी कारखान्यात एकाच वाफेवर चार भांडी हाकतो. पहिल्या भांड्याची वाफ हेच दुसऱ्याचं सरपन. आमचे चीफ साहेब आधी बोटीवर हुते. ते सांगायचे, बोटीवर समुद्राचं पानी असंच गोडं करत्यात. समुद्राचं चालतं तर तुज्या बोअरचं का न्हाई?"

समुद्र आम्ही दोघांनीही पाहिलेला नव्हता.

मी म्हटलं, "नको बाबा." खरं तर मला त्या बंद भांड्यांचीच धास्ती होती. पण डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी एकच विचारलं, "जोडाला शिसं लावणार का कुठं? पाण्यात शिसं उतरलेलं चालणार नाही."

"शिसं कशाला? नळ्या पत्र्यात ठोकून फुगवून बसवतो. वाफ लागंल तिथं शुद्ध कथलाची कल्हई."

चार दिवसांनी बाबा बेलापूरहून परत आले ते एसटीच्या टपावर गोणपाटात बांधलेल्या पितळी नळ्या घेऊन. कारखान्यानं मोडीत काढलेल्या, चीफ साहेबांना विचारून आणलेल्या. शेवगावच्या एका तांबटाकडं बसून त्यांनी दुसरं भांडं तयार केलं. त्यात उभ्या नळ्यांचा जुडगा. नळ्यांच्या आतून मचूळ पाणी, बाहेरून पहिल्या भांड्याची वाफ. पाणी आणि वाफ एकमेकांना शिवत नाहीत, फक्त ऊब पितळेतून इकडची तिकडं जाते. वाफ ऊब देऊन थंडावली की तिचंच शुद्ध पाणी होतं, आणि त्या उबेवर आतलं मचूळ पाणी उकळून आणखी वाफ देतं. जुनी टाकी आता फक्त त्या दुसऱ्या वाफेसाठी. तिथं जे पाणी तापायचं तेच भांड्यांत भरायचं, फेकायचं नाही. लाकूड तेवढंच, शुद्ध पाणी जवळजवळ दुप्पट, आणि हापशावरच्या घागरी निम्म्या.

पण हे चालायला पहिल्या भांड्यात वाफ जराशी दाबून धरावी लागायची. त्यासाठी बाबांनी झाकणावर एक तोटी बसवून तिच्यावर पितळी वजन ठेवलं होतं. दाब वाढला की वजन उचललं जायचं आणि फिस्स करून वाफ सुटायची. पहिल्या दिवशी ते वजन नाचायला लागलं तेव्हा मी पडवीच्या खांबाला पाठ लावून उभी होते.

"भिऊ नको," बाबा म्हणाले. त्यांना तो आवाज फारसा ऐकूच येत नव्हता. ते तळहात वजनाच्या वर धरून बघत होते. "आवाज करतंय तवर भ्यायचं न्हाई. गप झालं आन् जाळ चालू आसला, तर मातर पळायचं."

तिसऱ्या दिवशी ते गप झालं. मी एकटीच होते. वजन हलेना, खाली लाकडं धडधडत होती. मी हातातला मग टाकला आणि अंगणातून रस्त्यापर्यंत पळत गेले. तिथून वळून पाहिलं तर बाबा पडवीत शिरत होते. मला ओरडायचं होतं, पण ओरडून त्यांना ऐकू येणार नव्हतं. ते आत गेले, जाळ ओढून बाहेर काढला, लाकडाच्या टोकानं वजन टिचकावलं. तोटीला खार धरून ते चिकटलं होतं. मोठा फुसकारा निघाला आणि बाबा पांढऱ्या वाफेत दिसेनासे झाले. मग वाफेतून खोकण्याचा आवाज आला. मी रस्त्यावरच खाली बसले. त्यानंतर तोटी रोज घासायची असं ठरलं, आणि ती मी घासायची, पण यंत्राजवळ गरजेपेक्षा जास्त वेळ थांबायची नाही.

डॉक्टरीणबाईंचा पाण्याबद्दल एक कडक नियम होता. काढलेलं पाणी त्याच दिवशी बाटलीत आणि त्याच दिवशी ऑटोक्लेव्हमध्ये. उरलं तर ओतून टाकायचं. शिळ्या पाण्यात जंतू वाढतात, वाफेनं ते मरतात, पण त्यांचं विष बाटलीत तसंच राहतं, असं त्या सांगायच्या. जुन्या भांड्याच्या काळात पाणी कधी उरलंच नाही. आता मात्र उरायला लागलं, कारण रिकाम्या बाटल्याच कमी होत्या.

एका रविवारी संध्याकाळी शुद्ध पाणी साठवायच्या भांड्याच्या तळाशी दोन-एक लिटर पाणी राहिलं. मी ते भांडं उचलून अंगणात आणलं. फाटकाबाहेर हापशावर रांग होती. एक म्हातारी दांडा हलवता हलवता दमून थांबली होती. मी भांडं तिरपं केलं आणि मला ते ओतवेना. या जिल्ह्यात त्या दिवशी इतकं स्वच्छ पाणी दुसरं कुठं नसेल. मी ते आत नेलं, त्यावर धुतलेलं फडकं बांधलं आणि सकाळी त्यातूनच दोन बाटल्या भरल्या. त्या दोन्ही सोमवारच्या ताज्या नऊ बाटल्यांबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये गेल्या. अकरा बाटल्यांवर एकच तारीख. बाहेर काढल्यावर कुठल्या दोन, हे मलाही सांगता आलं नसतं.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला खडीवरच्या एका बाईला मी त्यातली पहिली बाटली लावली. तिचं लेकरू पाच-सहा महिन्यांचं. ते तिच्या सासूच्या मांडीवर होतं. अर्धा तास गेला असेल, आणि सासूची हाक आली.

"सिस्टर! ओ सिस्टर! पोरीला लई हुडहुडी भरली, बघा की!"

खाट वाजत होती. बाईचे दात एकमेकांवर आपटत होते, ओठ निळे पडले होते, अंग मात्र तव्यासारखं तापायला लागलं होतं. डॉक्टरीणबाईंनी येता येताच नळीला चिमटा लावला. "घोंगडी आण. नगरची बाटली आण." आमच्याकडं अडीअडचणीला ठेवलेल्या तीनच तयार बाटल्या होत्या. मी एक आणली.  आणताना मला कळून चुकलं होतं, की हे रविवारचं पाणी. माझं पाणी.

तासाभरानं बाईचं थरथरणं थांबलं. डॉक्टरीणबाई पडवीत गेल्या. बाबा चुलवणाजवळ बसले होते.

"तुमचं यंत्र बंद करा," बाई मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "काहीतरी उतरतंय त्यातून. जुनं भांडं पुन्हा चढवा. आणि यंत्राच्या ज्या दहा बाटल्या कपाटात आहेत त्यांना कुणी हात लावायचा नाही."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी दारातच होते. मी एक पाऊल पुढं टाकलं आणि बाबांचा चेहरा पाहिला. ते म्हणाले, "व्हय बाई. माझीच काय तरी चूक असंल." आणि मी पाऊल मागं घेतलं. मला वाटलं, नोकरी जाईल. मग वाटलं, बाई दगावली तर पोलीस येतील. मग वाटलं, ती आता बरी आहे, कपाट बंद आहे, आपोआप निभेल. भीती अशी एकाला दुसरं कारण जोडत जाते आणि आपण त्या प्रत्येकाला मान डोलावतो.

बाबांनी दुपारभर यंत्र खोललं. एकेका नळीला खालून चिंधीचा बोळा लावायचा, वरून पाणी भरायचं, बाहेरच्या अंगावर थेंब येतो का बघायचं. त्यांना जवळचं नीट दिसत नसे, म्हणून ते नळीवरून गाल फिरवून ओल तपासत होते. एकही नळी गळत नव्हती. मी जेवायला बोलावलं तर म्हणाले, "भूक न्हाई गं. त्या पोरीचं लेकरू बघितलंस का?" रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी तशीच झाकून राहिली.

बुधवारी सकाळपर्यंत नगरच्या तिन्ही बाटल्या संपल्या. जुन्या भांड्यातून निघालेल्या चार बाटल्या दोन लहान पोरांना आणि त्या बाईला गेल्या. पुढच्या दोन ऑटोक्लेव्हमध्ये होत्या, निघायला वेळ होता. बाराच्या उन्हात एक बैलगाडी आली. गाडीत चाळिशीचा एक माणूस होता, तलावाच्या कामावरचा मुकादम. त्याचा भाऊ त्याला धरून होता. नाडी हाताला लागत नव्हती. तो शुद्धीत होता आणि "पानी, पानी" म्हणत होता, आवाज फुटत नव्हता, नुसते ओठ हलत होते.

डॉक्टरीणबाईंनी इकडं तिकडं पाहिलं. "काही उरलंय?"

"नाही."

 मग कपाटाकडं वळल्या. "दहा आहेत ना यात? एकीनं थंडी वाजली म्हणून सगळ्याच वाईट नसतील. हळू लावू. मी शेजारी बसते." त्यांनी दार उघडून एक बाटली काढली आणि उजेडात धरली. पाणी नितळ होतं. ते नितळच असणार होतं.

"डॉक्टरबाई, नको," मी म्हटलं.

"का?"

"त्यातली एक शिळ्या पाण्याची आहे. रविवारचं उरलेलं. मी ओतलं नाही. दोन भरल्या होत्या, एक काल लावली."

"दुसरी कुठली?"

"ठाऊक नाही."

मला वाटलं त्या मला मारतील. त्यांनी बाटली जागेवर ठेवली, दार लावून किल्ली कमरेला खोचली. "वडिलांना सांग. यंत्र जोडायला घेऊ दे. मग मीठ-साखरेचं पाणी करून आण, चमचा घेऊन ये."

पडवीत जाऊन मी बाबांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. मला ते दोनदा सांगावं लागलं. ते माझ्याकडं बघत राहिले.

"काल का न्हाई बोललीस?"

मी खोललेल्या नळ्या त्यांच्याकडं सरकवल्या.

"काल बोलली असतीस तर आज सकाळी वाफ धरली असती," ते म्हणाले आणि पाना उचलला.

मी मुकादमाच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत बसले. चार चमचे राहायचे, पाचव्याला उलटी. दीडच्या सुमाराला ऑटोक्लेव्हमधल्या दोन बाटल्या निघाल्या, पण त्या हात लावू देत नव्हत्या इतक्या कढत. असं पाणी शिरेत सोडता येत नाही, आणि गार पाण्यात बुडवली की काच तडकते. बाबा यंत्र सोडून आले. त्यांनी बाटलीला ओलं फडकं गुंडाळलं, वाऱ्याला उभे राहिले आणि ती हातात फिरवायला लागले. फडकं सुकलं की पुन्हा ओलं, पुन्हा फिरवणं. मी दारातून दर थोड्या वेळानं विचारत होते, "झाली का?" ते बाटली आपल्या भाजलेल्या हाताला लावून बघायचे आणि मान हलवायचे. चट्ट्यावर त्यांना नीट कळायचं नाही, म्हणून मग गालाला लावायचे.

बाटली कोमट झाली तेव्हा मी ती घेऊन पळत गेले. डॉक्टरीणबाईंनी सुई घातली होती, पण त्यांचा दुसरा हात मुकादमाच्या गळ्यापाशी नाडी शोधत होता. थोडं पाणी गेलं. मग त्यांनी नळीला चिमटा लावला आणि त्याच्या भावाकडं पाहिलं.

संध्याकाळी त्यांनी मला कपाटाची किल्ली दिली. दहाही बाटल्या मी अंगणात नेऊन एकेक करून ओतल्या. हापशावरच्या बाया बघत होत्या. काम झाल्यावर मी म्हटलं, "उद्यापासून पाण्याचं काम दुसऱ्या कुणाला द्या."

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि ऐक. तो उशिरा आला होता. तो तसाही गेला असता."

हे त्यांनी खरं म्हणून सांगितलं की माझ्यासाठी, ते मला आजवर कळलेलं नाही. नंतर पुष्कळ वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं, पण विचारायचं धाडस झालं नाही.

यंत्र गुरुवारी सकाळी पुन्हा चालू झालं. बाबा आणखी महिनाभर राहिले. माझ्याशी बोलायचे, पण कामापुरतं. रोज दुपारी उरलेलं पाणी मी त्यांच्या देखत बाटल्या धुवायला वापरायची आणि भांडं पालथं घालून दाखवायची.  आठव्या-नवव्या दिवशी ते म्हणाले, "दाखवू नको गं रोज." तेवढंच. प्रत्येक नवी बाटली लावली की पहिला तासभर मी त्या खाटेशेजारून हलत नसे. रोगी नुसता कुशीवर वळला तरी मी उठून त्याच्या कपाळाला हात लावून बघायची.

खडीवरची ती बाई दहाव्या दिवशी घरी निघाली. तिच्या सासूनं माझे दोन्ही हात धरले. "तुमच्या पान्यानं वाचली बघा पोरगी."

मी सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण ते हात सुटेनात. "आजी, त्या दिवशी तिला हुडहुडी भरली ती माझ्या पाण्यानं. शिळं होतं ते."

म्हातारीनं हात सोडले. सुनेकडं पाहिलं, लेकराकडं पाहिलं.

"मंग दुसरी लावली ती?"

"ती नगरहून आलेली."

"आन् त्याच्यानंतरच्या?"

"त्या माझ्याच."

तिनं लेकराचं टोपडं सारखं केलं. "बरं," म्हणाली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि सुनेला पुढं घालून एसटीच्या थांब्याकडं चालू लागली.